लेखी परीक्षेत गुण काठावरचे आहेत. एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या अधिकारी निवड मंडळापुढे, जावे, की पुढच्या वर्षी जास्त गुण काढून मगच अर्ज करावा?

तुम्ही लिहिले आहे की सीडीएसच्या (सैन्यदलांतील अधिकारीपदाच्या परीक्षेच्या) पहिल्या प्रयत्नात तुम्ही लेखीतच अडकलात, दुसऱ्या वेळी फक्त चेन्नईच्या ओटीएसाठी (अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी) नाव आले, उत्तरतालिका धरून मोजलेले गुण अगदी काठावरचे निघाले आणि हवाई दलाची एएफकॅट परीक्षाही हातची गेली. वय २३, शिक्षण यांत्रिकी अभियांत्रिकी, राहणे मुंबईत. अशा गुणांवर एसएसबीला जाणे म्हणजे हसे करून घेणे आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

जावे. बोलावणे आले असताना न जाण्याचा विचारसुद्धा करू नये. एवढे सांगून मला थांबता आले असते, पण हाच प्रश्न आमच्या घरात गेली बारा-तेरा वर्षे जेवणाच्या ताटाशी येऊन बसतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मी २०१२ साली सीडीएसला बसलो. आम्ही तेव्हा कुर्ल्याच्या नेहरूनगरमध्ये दोन खोल्यांत राहत होतो आणि मी संध्याकाळी दादरच्या एका क्लासला जात असे. क्लासच्या भिंतीवर लेखीत उत्तीर्ण झालेल्या मुलांचे फोटो ओळीने लावलेले असत; एसएसबीत पुढे त्यांचे काय झाले, हे त्या फोटोंखाली लिहिलेले नसे आणि ते विचारावे असे आम्हालाही कधी वाटले नाही. लेखीत जो वर आला तो एसएसबीतही वरच राहणार, हे तिथल्या सरांचे ठाम मत होते आणि ते मी गुरुवाक्य म्हणून गाठीला बांधून घेतले. गणित माझ्या हातचा मळ होता. इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित या प्रत्येकी १०० गुणांच्या तिन्ही प्रश्नपत्रिका मनासारख्या गेल्या. माझा फोटो भिंतीवर लागला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी पंजाब मेलने भोपाळला एसएसबीसाठी निघालो तेव्हा बाबा सीएसटीवर पोहोचवायला आले होते आणि शेजारच्या प्रवाशाला, त्याने काही विचारले नसताना, मुलगा लष्करात अधिकारी व्हायला चालला आहे असे सांगत होते.

पहिल्या दिवसाची चाळणी मी पार केली. अंधूक चित्र तीस सेकंद पाहायचे, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात बसून सर्वांची मिळून एक गोष्ट ठरवायची, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या गटाचा मासळी बाजार झाला होता आणि त्यात माझा आवाज मोठा होता. निम्म्याहून अधिक मुले त्याच दुपारी बॅगा उचलून परत गेली. मानसशास्त्राच्या चाचण्यांत साठ शब्दांची साठ वाक्ये मी वेळेत पूर्ण केली. मुलाखतही बरी झाली, असे मला वाटले.

आता मैदानावरचा प्रसंग सांगतो, कारण माझ्या मते सगळे तिथे घडले. गटाने मिळून अडथळे पार करायचे असतात. साधने तीन, फळी, बल्ली (लाकडी वासा) आणि दोर. फळीला तिथे सगळे हिंदीत फट्टा म्हणतात. लाल रंगाच्या भागाला कोणी शिवायचे नाही. दुसऱ्या अडथळ्यात फळी पलीकडच्या ठोकळ्यापर्यंत पोहोचत नव्हती. तिचे मागचे टोक दोघांनी वजन टाकून दाबून धरायचे आणि पुढे निघालेल्या टोकावरून तिसऱ्याने पलीकडे उडी घ्यायची, हे उत्तर मला दिसले. माझ्या आधी ते छातीवर चार नंबर लावलेल्या मुलाला दिसले होते. तो किडकिडीत, कमी बोलणारा मुलगा फळी दोन्ही हातांनी धरून तिचा तोल अंदाजत उभा होता आणि त्याला वेळ लागत होता. मी म्हणालो, ‘छोड, मैं करता हूँ,’ आणि फळी ओढून घेतली. त्याच्या तळहातात लाकडाची कुसळ गेली. त्याने ती दातांनी काढली, हात पँटला पुसला आणि तो मागे जाऊन उभा राहिला. गट पलीकडे गेला. पुढचे दोन अडथळेही मीच सोडवले. मैदानावरच्या चाचण्या घेणारे अधिकारी, जीटीओ साहेब, झाडाखाली उभे राहून वहीत काहीतरी लिहीत होते, आणि ते माझ्याविषयी चांगलेच लिहीत असणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सच्या खोलीत सगळ्या परीक्षकांसमोर मला एकच नेमका प्रश्न विचारला गेला: गटात कोणाची कल्पना तुम्हाला सर्वांत चांगली वाटली? पाच दिवस ज्यांच्याबरोबर खाल्ले, झोपलो, चिखलात लोळलो, त्यांच्यापैकी एकाचीही एकही कल्पना मला आठवेना. सगळेच चांगले होते, असे काहीतरी मी पुटपुटलो. नंतर अंगणात चेस्ट नंबर पुकारले गेले. ज्यांची निवड झाली ते वैद्यकीय तपासणीसाठी मागे थांबले आणि आम्हा उरलेल्यांना गाडीने स्टेशनवर सोडण्यात आले. तुम्हाला वाटेल की चार नंबरचा मुलगा निवडला गेला असेल. नाही, तोही आमच्याच गाडीत होता. गोष्ट इतकी सोयीची नाही.

माझी धाकटी बहीण पुढच्याच वर्षी बसली. तिचा अर्ज फक्त ओटीएसाठी होता, त्यामुळे तिला गणिताची प्रश्नपत्रिका नव्हती. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान मिळून २०० गुण. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात हे मी तिला दहा वेळा बजावले होते, तरी तिने अंदाजाने भरपूर गोळे रंगवले. लेखीत ती जेमतेम पार झाली. बेंगळुरूच्या बोर्डाचे बोलावणे आले तेव्हा तीही तुमच्यासारखीच विचारत होती की इतक्या कमी गुणांवर जाऊन काय उपयोग. मी तिला जा म्हणालो, पण खरे सांगायचे तर मनातून मला ती परत येईल याची खात्री होती, आणि ती खात्री मला सुखाची वाटत होती.

ती निवडली गेली. तिचा फोन आला तेव्हा अभिनंदनाच्या आधी माझ्या तोंडून जे वाक्य गेले ते असे: ‘तुला गणित नव्हतं म्हणून.’ ते वाक्य आमच्या घरात अजून जिवंत आहे. मामांनी ते लगेच उचलले आणि पुढे कितीतरी लग्नांत ऐकवले. अंतिम गुणवत्ता यादीत तिचे नाव खालून मोजले तर लवकर सापडेल असे होते, पण होते. चेन्नईत प्रशिक्षण घेऊन ती अधिकारी झाली, आज ती मेजर आहे, आणि मी फोर्टमधल्या एका बँकेत कर्जाची प्रकरणे तपासतो.

मैदानावर तू काय केलेस, असे मी तिला पुष्कळ दिवसांनी विचारले. ती म्हणाली, ‘दादा, मी निम्मा वेळ फळीच्या मागच्या टोकावर बसून होते. सगळ्यांत जड मीच होते ना.’ एवढेच करून कोणी अधिकारी होत नाही हे मलाही कळते. गट गोंधळला तेव्हा कोणी आधी जायचे हे तिनेच ठरवून दिले होते, हे नंतर बोलता बोलता निघाले. पण स्वतःविषयी सांगताना तिला आधी फळीचे मागचे टोक आठवले आणि मला अजूनही पुढचेच आठवते.

एसएसबी म्हणजे लॉटरी आहे, असे मी कित्येक वर्षे सर्वांना सांगत आलो. तिचे उत्तर असे असते की लॉटरीत तिकीट काढणाऱ्याला चार माणसांत कसे वागायचे याचा विचार करावा लागत नाही. तिचे मला निम्मेच पटते. एकाच माणसाला पाच बोर्ड परत पाठवतात आणि सहावे निवडते, याचा अर्थ कुठेतरी योगायोगाचा भाग असलाच पाहिजे. त्या काळात तो माणूस बदललेला असतो, असे ती म्हणते. मात्र लेखीत वर तो सगळीकडे वर, हे दादरच्या सरांचे मत साफ चुकीचे होते, याबद्दल आमच्या दोघांत मतभेद नाही. लेखी परीक्षा दार उघडते आणि तिथून पुढच्या पाच दिवसांत तुमची गणिताची गती कोणी पाहत नाही.

आता तुमच्याकडे वळतो, आणि आधी एक कडू गोष्ट सांगतो. गुणांना काहीच किंमत नाही, असा वरच्या कहाणीचा अर्थ घेऊ नका. ओटीएच्या अंतिम यादीसाठी लेखीचे २०० आणि एसएसबीचे २०० गुण एकत्र मोजले जातात. त्यामुळे बोर्डाने शिफारस केलेली, वैद्यकीय तपासणीतही उत्तीर्ण झालेली मुले केवळ लेखीचे गुण तोकडे पडल्यामुळे यादीबाहेर राहतात. पण हा धोका एसएसबीला गेल्यानंतरचा आहे. शिवाय परीक्षा घेणारा केंद्रीय लोकसेवा आयोग गुण जाहीर करतो तेच मुळी ओटीएचा अंतिम निकाल लागल्यानंतर. आज तुमच्या हातात आहेत ते कोणीतरी काढलेल्या उत्तरतालिकेवरचे अंदाज, आणि त्यांच्या भरवशावर चालून आलेली संधी सोडणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

वर्षभर थांबण्याचा हिशेबही नीट मांडा. डेहराडूनच्या लष्करी अकादमीसाठी वयाची मर्यादा २४, ओटीएसाठी २५, आणि वय मोजतात ते अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सुमाराच्या तारखेवर, अर्जाच्या दिवशी नव्हे. सीडीएस वर्षातून दोनदा होते. त्यामुळे एसएसबीला जाऊन आलात तरी पुढची परीक्षा कुठे पळून जात नाही.

तुम्ही अभियंते असूनही प्रश्नात एका मार्गाचा उल्लेखच केलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. अभियांत्रिकी पदवीधरांसाठी लष्कराचे तांत्रिक प्रवेश आहेत, अल्पकालीन सेवेचा आणि कायमस्वरूपी सेवेचा असे दोन्ही. त्यांना लेखी परीक्षा नाही. पदवीच्या टक्केवारीवर शाखेनिहाय कट-ऑफ लावून थेट एसएसबीला बोलावतात, आणि वयाची मर्यादा २७ आहे. नौदलातही काही शाखांसाठी असेच पदवीच्या गुणांवर बोलावतात. कॉलेजात एनसीसी केली असेल आणि ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत असेल तर विशेष प्रवेशालाही लेखी नाही. लेखीत गुण पडत नाहीत म्हणून रडत बसलेला अभियंता मला समजत नाही, हे जरा तिखट झाले असेल, पण तसेच राहू द्या.

बोलावणे हातात आले की नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करा. महाराष्ट्रातल्या उमेदवारांना राज्य शासनातर्फे तिथे एसएसबीची तयारी मोफत करून देतात. २०१२ मध्ये आमच्या क्लासमध्ये या केंद्राचे नाव कोणी काढले नव्हते, आणि ते का काढले नव्हते हे आज मला चांगले कळते.

आणखी काही गोष्टी, ज्या खरे तर सुरुवातीला सांगायला हव्या होत्या. मी अधिकारी नाही, एकदा परत पाठवलेला उमेदवार आहे. माझे ऐकण्यापेक्षा त्या त्या वेळची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कारण पात्रतेचे तपशील बदलत असतात. डोळे, दात आणि कान आताच तपासून घ्या. हवाई दलात वैमानिक होण्याचा विचार अजून मनात असेल तर लक्षात ठेवा, संगणकावरची वैमानिक निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिथे जराशी झोप कमी झाली होती ही सबब चालत नाही.

आणि एखाद्या प्रवेशासाठी पहिल्यांदा एसएसबीला जाणाऱ्यालाच रेल्वेभाडे परत मिळते, त्यामुळे जातानाचे तिकीट फेकू नका. माझे मी खिशात घडी घालून ठेवले होते आणि भोपाळला पैसे देणाऱ्या कारकुनाने ते उलगडताना त्याचे दोन तुकडे झाले. त्याने काही न बोलता चिकटपट्टी लावली आणि सही घेतली.