'ब्लायटी' : विलायत, पण कोणाची?

एका वाचकाची विचारणा अशी : पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांची पत्रं वाचताना 'अमक्याला ब्लायटी लागली', 'नशीबवान, ब्लायटी मिळाली' अशा धर्तीची वाक्यं वारंवार भेटतात. हा शब्द आपल्या 'विलायत'वरून आला म्हणतात, ते खरं का? खरं असेल, तर इंग्लंडला जाण्यात ऑस्ट्रेलियन माणसाला एवढा आनंद कसला? आणि मराठीत उतरवताना काय लिहावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. होय, तो आपलाच. उत्तरेतल्या शिपायांच्या तोंडी 'विलायत'चं 'बिलायत' आणि 'विलायती'चं 'बिलायती' होतं. हिंदुस्थानात वर्षानुवर्षं छावण्यांत राहिलेल्या गोऱ्या सोजिरांनी ते ऐकलं, मधले स्वर गिळले आणि 'ब्लायटी' करून टाकलं. मराठीने 'व' सोडला नाही, म्हणून आपल्याला नातं चटकन ओळखू येत नाही, इतकंच.

मूळ शब्द अरबी, 'विलाया'. राज्य, सत्ता, एखाद्याच्या अखत्यारीतला मुलूख. 'त्याला कोणी वाली उरला नाही' म्हणतो त्यातला 'वाली' याच कुळातला. फारसीमार्गे हिंदुस्थानात आल्यावर 'विलायत' म्हणजे पलीकडचा, परका मुलूख झाला आणि तो आधी इराण-अफगाणिस्तानाकडचा होता, इंग्लंड नव्हे. १८५८ च्या झाशीच्या लढाईच्या वर्णनांत 'विलायती' शिपाई येतात, ते राणीच्या बाजूने लढणारे पठाण. हे ठाऊक नसलं की वाचणारा पार गोंधळतो. पुढे सत्ता ज्यांच्या हाती गेली त्यांचा देश विलायत ठरला. तरी 'परकं' हा अर्थ पूर्ण पुसला गेला नाहीच. विलायती चिंच मुळात अमेरिका खंडातली, इंग्लंडशी तिचा काडीचा संबंध नाही. सोडावॉटरला साहेबांचे नोकर 'बिलायती पानी' म्हणत.

म्हणजे आपल्या तोंडी विलायत ही कायम दुसऱ्याची. इंग्रज सोजिराने शब्द उचलला आणि अर्थ फिरवला : ब्लायटी म्हणजे मायदेश, घर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या सुमाराला तो फौजेत रुळलेला होता आणि १९१४ नंतर फ्रान्सच्या खंदकांत त्याला आणखी एक अर्थ चिकटला. जीव जाणार नाही, कायमचं अपंगत्वही शक्यतो येणार नाही, पण खाडी ओलांडून इंग्लंडच्या इस्पितळात पाठवावंच लागेल, अशी बेताची जखम म्हणजे 'ब्लायटी'. दंडातून आरपार गेलेली गोळी, मांडीत रुतलेला गोळ्याचा तुकडा. अशा जखमेबद्दल माणसं एकमेकांचं अभिनंदन करत.

आता विचारणेतला खरा अडचणीचा भाग. याला उत्तर देण्याआधी ऑस्ट्रेलियन फौज कुठून कुठे गेली ते पाहावं लागतं.

१ नोव्हेंबर १९१४ ला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बनी बंदरातून पहिला मोठा ताफा निघाला तो इंग्लंडला जायला. वाटेतच हुकूम फिरला, कारण इंग्लंडमधल्या सॅलिस्बरीच्या माळावरच्या छावण्यांत जागा नव्हती. फौज इजिप्तमध्ये उतरवली गेली आणि तिथून २५ एप्रिल १९१५ रोजी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला. या ताफ्यात जॉन सिम्प्सन नावाचा एक स्ट्रेचरवाला होता. जन्म इंग्लंडच्या साउथ शील्ड्सचा. व्यापारी जहाजावरून पळून ऑस्ट्रेलियात राहिलेला. फौजेत शिरलो की फुकटात इंग्लंड गाठता येईल, आई-बहीण भेटतील, हा त्याचा हिशेब होता. तो उतरला गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर. तिथे गाढवावरून जखमी वाहताना तो आपल्या तुकडीपेक्षा हिंदी पहाडी तोफखान्याच्या खेचरवाल्यांच्या तळावरच जास्त असे. ते त्याला 'बहादूर' म्हणत असं सांगतात. १९ मे १९१५ ला तो मारला गेला. त्याला ब्लायटी पुन्हा कधी दिसली नाही, आणि ज्यांच्या बोलीतून तो शब्द निघाला त्या लोकांच्या शेजारी त्याचे शेवटचे दिवस गेले. भर म्हणजे गॅलिपोली ज्या उस्मानी प्रांतात मोडत होतं त्या प्रांताला तुर्कीत 'विलायेत'च म्हणत : एदिर्ने विलायेत. एकाच अरबी शब्दाची दोन टोकं. (अवांतर : तिथल्या ऑस्ट्रेलियन-न्यूझीलंड कोअरचा सेनापती जनरल बर्डवुड हा आपल्या पुण्याजवळच्या खडकीत जन्मलेला. त्याला 'बिलायत' कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.)

ऑस्ट्रेलियन फ्रान्सला पोचले मार्च १९१६ पासून. हिंदी पायदळ तिथून १९१५ च्या शेवटी हललं होतं. तेव्हा 'ब्लायटी' ऑस्ट्रेलियनांनी आपल्या शिपायांकडून थेट घेतला असं मानायला जागा नाही. तो त्यांना ब्रिटिश सोजिरांकडून तयार मिळाला. लागला मात्र लगेच. १९ जुलैच्या रात्री फ्रोमेल इथे एका चढाईत ५,५३३ माणसं गेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. त्यानंतर पोझिएरच्या टेकाडावर सात आठवड्यांच्या आत सुमारे २३ हजार. तिथल्या तोफमाऱ्यात दिवस-दिवस मातीत गाडून घेतलेल्या माणसाला इंग्लंड आपलं की परकं हा प्रश्न पडत नव्हता. स्वच्छ चादर, गरम पाणी आणि नर्स एवढीच ब्लायटी पुरेशी होती.

पण बरं झाल्यावर काय? इथे इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन यांच्या वाटा फुटतात. लँकशरच्या गड्याला ब्लायटी लागली तर आई आगगाडीने भेटायला येऊ शके. न्यू साउथ वेल्सच्या गड्याचं घर बोटीने दीड-दोन महिन्यांवर. तो लंडनजवळच्या हेअरफील्डच्या ऑस्ट्रेलियन इस्पितळात पडून राही. पाय किंवा हात गेला असेल तर साउथॉल, मज्जातंतू ढासळले असतील तर डार्टफर्ड. मग विल्टशरच्या चिखलातली छावणी, पुन्हा कवायत आणि पुन्हा फ्रान्सची बोट. रजेचंही तेच. इंग्रज शिपाई रजेत घरी जाई आणि ऑस्ट्रेलियन लंडनच्या हॉर्सफेरी रोडवरच्या आपल्या मुख्य कचेरीत पगार घेऊन शहर पाहत फिरे. रोज सहा शिलिंग मिळत, त्यातला एक युद्धानंतर. ब्रिटिश शिपायाला सुरुवातीला एकच. त्यावरून 'सहा शिलिंगवाले प्रवासी' हे टोपणनाव पडलं ते गमतीचं खरं, पण त्यात बोच आहे. प्रवासी म्हणजे ज्याचं घर इथे नाही तो.

तेव्हा या सैन्याने, जे अखेरपर्यंत पूर्ण स्वयंसेवकांचं होतं, आपला वेगळा शब्द काढला. शब्द म्हणजे 'ऑझी'. आज आपण क्रिकेटच्या बातम्यांत वाचतो तो हाच, जन्म त्याच युद्धातला. त्याचे अर्थ तीन : ऑस्ट्रेलिया देश, ऑस्ट्रेलियन सैनिक, आणि तिसरा आता विसरलेला अर्थ, थेट मायदेशी पाठवावं लागेल इतकी मोठी जखम. युद्धातून परतलेल्या डाउनिंग नावाच्या सैनिकाने १९१९ साली सैनिकी बोलीचा छोटा कोश काढला, त्यात हा अर्थ नोंदलेला आहे. साधारण नियम असा होता की सहा महिन्यांत लढायला लायक होण्याची आशा नसेल तर माणूस परत पाठवायचा. अशांची रवानगी डॉर्सेट किनाऱ्यावरच्या वेमथच्या छावणीत होई आणि तिथून बोट. म्हणजे ब्लायटी हलकी, ऑझी भारी. एक मिळाली तर मित्र हेवा करत. दुसरी मिळाली तर हेवा करावा की कीव, हे ठरवणं अवघड, कारण ऑझी मिळवायला बहुधा एखादा अवयव द्यावा लागे.

न जखमी होता घरी जाण्याची वाट जवळजवळ बंदच होती. १९१४ साली भरती झालेल्यांना घरी जायची रजा मंजूर झाली ती सप्टेंबर १९१८ मध्ये, लढाई संपायला दोन महिने उरले असताना.

एक सूक्ष्म गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. 'ब्लायटी त्यांच्यासाठी परकीच' असं सरसकट म्हणता येत नाही. फौजेतले कितीतरी जण सिम्प्सनसारखे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते. ऑस्ट्रेलियात जन्मलेलेसुद्धा त्या काळी इंग्लंडला जाण्याला 'घरी जाणं' म्हणत, आजोबांच्या बोलण्यातून आलेलं. त्यामुळे पत्रात 'ब्लायटी' आली की लिहिणारा कोण, जन्म कुठला, हे आधी पाहा. एकाच्या पत्रात ती मावशीच्या घरची असेल, दुसऱ्याच्या पत्रात नुसती कोरडी जागा. ब्रायटनच्या इस्पितळात असलेल्या हिंदी शिपायाच्या पत्रात हाच शब्द 'विलायत' म्हणून येतो तेव्हा तो पुन्हा आपल्या जुन्या अर्थाने : लांबचा, परका मुलूख.

आता अनुवादाचं. 'विलायती जखम' कृपा करून लिहू नका. मराठी वाचकाला ती विलायती दारूसारखी परदेशी बनावटीची जखम वाटेल. मी स्वतः 'विलायतेचं तिकीट मिळालं' असं करेन. त्यात खुशीही येते आणि मूळ शब्दही आपोआप परत येतो. त्याच धर्तीवर 'ऑझी'साठी 'घरचं तिकीट'. जिथे दोन्ही एकाच पत्रात येतात तिथे हा फरक राखलाच पाहिजे, नाहीतर लिहिणाऱ्याचं सगळं म्हणणं वाया जातं. जिथे 'ब्लायटी' म्हणजे केवळ देश असा अर्थ आहे, तिथे सरळ 'विलायत' लिहावं, फक्त ब्रिटनमध्ये जन्मलेल्याच्या पत्रात 'मायदेश' जास्त बरं.

राहता राहिलं लेखन. मराठीत 'ब्लायटी' लिहावं, 'ब्लिघ्टी' नको. इंग्रजी स्पेलिंगमधली 'जीएच' अक्षरं उच्चारली जात नाहीत. आणि आपली वर्तमानपत्रं 'ऑसी' छापतात, तो उच्चार ऑस्ट्रेलियात कुणी करत नाही. तिथे 'झ'च आहे, 'ऑझी'.