चार चलान आणि एक संध्याकाळ

परळच्या एका वाचकाचं पत्र. नोकरी पनवेलला, रोजचा रस्ता अटल सेतू. मार्च ते जून या काळात वेगमर्यादा मोडल्याची चार ई-चलान आली, तीन अटल सेतूवरची आणि एक वांद्रे-वरळी सी लिंकवरचं. मेसेज येत राहिले, यांनी उघडले नाहीत. ऑगस्टमध्ये गाडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, आधी चलान क्लिअर करा. एका संध्याकाळी घरबसल्या मोबाइलवरून चारही भरून टाकली, ८,००० रुपये. आता आरटीओची नोटीस आली आहे : वारंवार वेगमर्यादा मोडल्याबद्दल तुमचा परवाना रद्द का करू नये, १५ दिवसांत खुलासा करा.

त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत : "माझा भाचा लंडनला असाच पकडला गेला, त्याला दंडाऐवजी एक दिवसाचा कोर्स करायला लावला. आपल्याकडेही आता समाजसेवेची शिक्षा आली आहे म्हणे. परवाना वाचणार असेल तर मी ट्रॅफिक हवालदाराबरोबर चौकात उभा राहायला तयार आहे. अर्ज कुठे करायचा?"

कुठेच नाही. असा अर्ज अस्तित्वात नाही. नोटिशीत १५ दिवस दिले आहेत आणि तुमचं पत्र अकराव्या दिवशी लिहिलेलं आहे. म्हणून मुख्य सल्ला तुम्हाला आधीच कळवला. इथे सविस्तर लिहितो आहे ते अशाच चौकशा करणाऱ्या बाकीच्यांसाठी.

समाजसेवेचं आधी उरकून घेऊ. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये ती आली हे खरं. पण तिथले शब्द वाचा : राज्य सरकार तडजोडीच्या रकमेच्या, म्हणजे खटल्याऐवजी भरायच्या दंडाच्या, जोडीला समाजसेवाही करायला लावू शकतं. जोडीला, बदल्यात नव्हे. म्हणजे दंड भरायचा तो भरायचाच आणि वर चौकात उभं राहायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही समाजसेवेची शिक्षा आहे, पण ती किरकोळ चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी अशा मोजक्या गुन्ह्यांना. बेदरकारपणे गाडी चालवण्याचं कलम २८१ त्या यादीत नाही. पुण्याच्या कल्याणीनगर अपघातातल्या ३०० शब्दांच्या निबंधाचा दाखला मला दर आठवड्याला कोणी ना कोणी देतं. तो निबंध शिक्षा नव्हताच. अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने घातलेली ती जामिनाची अट होती. तुम्ही अल्पवयीनही नाही आणि जामिनावरही नाही.

भाच्याचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये वेग ठरावीक मर्यादेपेक्षा फार जास्त नसेल आणि आधीच्या तीन वर्षांत असा कोर्स केलेला नसेल, तर खटला भरण्याऐवजी पोलीस कोर्स देऊ करतात. एस्टोनियात २०१९ मध्ये पोलिसांनी याहून गमतीचा प्रयोग केला होता. टालिन ते रापला रस्त्यावर पकडलेल्यांना दोनपैकी एक निवडायला सांगत : दंड भरा, नाहीतर वेगाच्या प्रमाणात ४५ मिनिटं किंवा तासभर रस्त्याकडेला थांबा. मुंबईत ही सोय केली तर शीव सर्कलला रोज अडकणारे आधी मागची थकबाकी मागतील. असो.

आपल्या कायद्यातही कोर्स आहे, उजळणी प्रशिक्षणाचा. पण त्याची पाळी शेवटी येते. परवाना निलंबित झाला की मुदत संपल्यावर तो परत मिळण्यासाठी आधी हे प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. निलंबन टाळायला त्याचा उपयोग नाही.

तुमचं सगळं प्रकरण ज्यावर उभं आहे ते कलम २००, पोटकलम (२) चं परंतुक, म्हणजे मूळ नियमाला जोडलेली 'मात्र' ने सुरू होणारी अट. दंड भरून तडजोड झाली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालत नाही, इथवर सगळ्यांना माहीत असतं. २०१९ पासून पुढे आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, तडजोड झाली तरी पुढचा गुन्हा 'नंतरचा' आहे का हे ठरवताना हा गुन्हा 'आधी केलेला' म्हणून मोजला जाईल. दोन, तडजोडीमुळे कलम २०६(४) खालच्या परवान्याच्या कारवाईतून सुटका होणार नाही. तुम्हाला वाटलं, ८,००० रुपयांत विषय मिटवला. मिटला तो खटला. परवान्याविरुद्धचा पुरावा मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बँक खात्यातून तयार करून दिलात.

ही मोजणी महत्त्वाची का, ते कलम १९(१अ) मध्ये आहे. वेगाचा पहिला गुन्हा असेल तर तीन महिने अपात्रता. दुसरा किंवा त्यानंतरचा असेल तर परवानाच रद्द. तीन महिने टॅक्सीने, लोकलने निघतील. परवाना रद्द होणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तुमच्या नोटिशीत शब्द 'रद्द' आहे.

म्हणून चौकातली समाजसेवा विसरा आणि तारखांकडे बघा. चार गुन्हे मार्च ते जूनमधले. तडजोड चारही गुन्ह्यांची, ऑगस्टमध्ये, एकाच संध्याकाळी. जूनचा गुन्हा घडला तेव्हा मार्चच्या गुन्ह्याबद्दल ना कोणी तुम्हाला दोषी ठरवलं होतं, ना तुम्ही तो कबूल केला होता. चढत्या शिक्षेमागे साधी कल्पना असते : एकदा ताकीद मिळाली, तरी ऐकलं नाही, म्हणून आता जास्त. ताकीद मिळण्याआधीच चारही घडले असतील तर त्यातला एक पहिला आणि तीन नंतरचे कसे? हा मुद्दा मी तुमच्या खुलाशात सर्वांत वर लिहीन.

तो चालेलच अशी खात्री देत नाही. कायद्यात शब्द 'आधीची दोषसिद्धी' नाही, 'आधी केलेला गुन्हा' आहे, आणि अधिकारी त्याच शब्दावर बोट ठेवतील. शिवाय मेसेज वेळेवर आले आणि तुम्ही ते उघडलेच नाहीत असं दिसलं, तर "ताकीद मिळाली नव्हती" हे तोंड वर करून सांगता येणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायला हवी. तुमची प्रत्येक सूचना कोणत्या तारखेला आली ते मोबाइलमध्ये शोधा. दुसरं चलान पहिल्याची सूचना येण्याआधीच्या दिवसाचं निघालं, तर मुद्द्याला धार येईल. तोवर एकही मेसेज डिलीट करू नका. आजवर न वाचता ठेवलेत, तसेच आणखी थोडे दिवस राहू द्या.

हेच तुम्ही भरण्याआधी विचारलं असतं तर बोलण्यासारखं बरंच होतं. कलम १८३(३) प्रमाणे नुसत्या एका साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाबद्दल शिक्षा होत नाही, त्या अंदाजाला यंत्राच्या मोजणीचा आधार लागतो. ते यंत्र प्रमाणित हवं, रस्त्यावर इशाऱ्याचा फलक हवा. अटल सेतूवर गाड्यांना ताशी १०० किलोमीटरची मुभा असली तरी चढ-उतारावर मर्यादा ४० आहे, आणि तुमची दोन चलान नेमकी उतारावरची असावीत असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. तिथला फलक, कॅमेऱ्याची जागा, फोटोवरची वेळ हे सगळं तपासता आलं असतं. दंड भरलात आणि ते दार आपल्याच हाताने लावून घेतलंत. मी फार रागावत नाही, कारण चलान अंगावर घेऊन कोर्टात गेलेल्यांचं काय होतं तेही पाहिलंय. एका अशिलाच्या चलानाच्या तारखेला सकाळी अकरापासून साडेचारपर्यंत बाकावर बसून मी पुढची तारीख घेऊन परतलो आहे. माझी फी त्या दंडापेक्षा जास्त झाली होती. लोक भरून मोकळे होतात ते उगीच नाही. पण भरण्याआधी निदान फोटो तरी बघावा.

पत्राच्या शेवटच्या ओळीत, ता. क. म्हणून, तुम्ही लिहिता : "जूनचं चलान खरं तर मेव्हणा गाडी चालवत होता तेव्हाचं आहे." ही पहिली ओळ असायला हवी होती. कॅमेरा नंबरप्लेट पाहतो, चलान मालकाच्या नावावर येतं. परवान्याची कारवाई मात्र चालकाविरुद्ध असते. कोण चालवत होतं ही माहिती देणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. तेव्हा दिली नाहीत, उलट दंड भरलात, त्यामुळे आता वजन कमी पडेल. तरीही ते खरं असेल आणि मेव्हणे शपथपत्र करून द्यायला तयार असतील, तर खुलाशात घाला. चार वजा एक म्हणजे तीनच राहतात, पण ज्या चलानावर 'वारंवार' हा शब्द उभा केलाय ते शेवटचं आहे. आणि खरं नसेल तर मेव्हण्यांना यात ओढू नका. खोटं शपथपत्र हा वेगळा गुन्हा आहे, त्यापुढे चार चलान काहीच नाहीत.

खुलासा लेखी द्या, पोच घ्या, आणि प्रत्यक्ष सुनावणी स्पष्ट शब्दांत मागा. बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते आणि अपात्र ठरवायचं तर तपशीलवार कारणं लिहावी लागतात, दोन्ही कलम १९ मध्येच आहे. छापील साच्यातला, तारखेची जागा भरलेला आदेश हातात आला तर तो अपिलात टिकणं अवघड असतं. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. आदेश टपालाने आला तर पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का लागेल. स्थगिती आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका, ती वेगळी मागावी लागेल. नोकरी पनवेलला आहे, घरी आई आजारी आहे, हे लिहायला हरकत नाही. त्याने कुणाचं मन वळेल की नाही, ते त्या दिवशी खुर्चीत कोण बसलंय त्यावर आहे.

एक शेवटचं. सुनावणीत परवाना जमा करून घेतला तर पावती मिळेल. त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. अपात्र असताना चालवताना सापडलात तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि त्या काळात कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी भरपाईचे पैसे तुमच्याकडून वसूल करायला बघेल. गाडी अजून विकली गेलेली नाही असं दिसतं. गिऱ्हाइकाला ट्रायल द्यायची वेळ आली तर स्टिअरिंगवर दुसऱ्या कुणाला बसवा. मेव्हणे सोडून.