सागरी इतिहास वाचायचा तर आधी जहाज समजून घ्या

तुम्ही विचारलंय की मराठा आरमार आणि आपल्या किनाऱ्याचा सागरी इतिहास वाचायचा आहे, पण जहाजांतलं काहीच कळत नाही, तर सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू? माझं मत असं, की लढायांच्या पुस्तकापासून करू नका. आधी जहाज कळू द्या. त्याला पाणी किती खोल लागतं आणि वारा पडला की ते काय करतं, हे कळल्याशिवाय समुद्रावरची लढाई कागदावर नुसती नावांची यादी होते.

माझे आजोबा दाभोळच्या खाडीत मालाच्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या नावेवर, तांडेल (खलाशांचे म्होरके) होते. मंगळुरी कौलं यायची, आणि भरती धरून माल वर गोवळकोटपर्यंत जायचा. कुठल्याही बंदराचं नाव निघालं की त्यांचा पहिला प्रश्न, "सुकतीला (ओहोटीला) पाणी किती राहतं?" पुढे मी जी पुस्तकं वाचली ती हाच प्रश्न मनात धरून वाचली.

पहिलं हातात घ्या रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. 18 व्या शतकाच्या आरंभीचा, राज्यकारभारावरचा हा ग्रंथ. त्यातलं 'ज्यास आरमार त्याचा समुद्र' हे सगळ्यांना पाठ असतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. तुम्ही आरमाराचं ते प्रकरण शेवटपर्यंत वाचा. गुराबा, म्हणजे शिडाची लढाऊ जहाजं, फार मोठ्या नकोत आणि फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्याशिवाय चालत नाहीत अशी थोरली जहाजं बांधू नयेत, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. आरमाराचा खर्च बंदराच्या पैदास्तीवर (उत्पन्नावर) टाकू नका, त्याने सावकाराला, म्हणजे व्यापाऱ्याला, उपद्रव होतो आणि व्यापार बुडतो, हेही आहे. आणि लाकडाबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मला दर वेळी भरून येतं. आंबा-फणसाचं लाकूड जहाजाच्या उपयोगाचं खरं, पण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यायचं. जुनी मराठी सुरुवातीला जड जाते, पण चार पानांत सरावाल. टिपांसह छापलेली प्रत मात्र बघून घ्या.

त्याच्या जोडीला रॉबर्ट ऑर्म. हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याच्या हिंदुस्थानातल्या लढायांच्या इतिहासाचा पहिला खंड 1763 साली निघाला. त्यात आंग्र्यांच्या जहाजांचं वर्णन आहे आणि ते शत्रूने केलेलं आहे, म्हणून मोलाचं. गुराब रुंद, कमी पाण्यात तरंगणारी, पुढे नाळ (जहाजाचं नाक) लांब निघालेली; दोन डोलकाठ्यांची सुमारे 150 टनांची, तीन डोलकाठ्यांची 300 टनांपर्यंत. गलबत त्याहून लहान, मोठ्यातलं मोठं 70 टनांचं, आणि त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून न्यायची, शत्रूच्या पिछाडीला जमायची आणि नाळेवरच्या तोफांनी आधी त्याच्या डोलकाठ्या पाडायची. आज्ञापत्रातलं ते मध्यम गुराबांचं वाक्य इथे आठवा. तिकडे नियम आहे, इकडे तो पाण्यावर चाललेला दिसतो.

आता मुंबईजवळच्या खांदेरी बेटाची 1679 ची लढाई वाचा. शिवाजी महाराजांनी बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं आणि मुंबईकर इंग्रजांनी वेढा घालायचा प्रयत्न केला. त्यांची जहाजं मोठी, तोफा जास्त, तरीही रात्री आपल्या लहान होड्या सामान घेऊन बेटावर पोचत राहिल्या. हे कसं जमलं, ते आता पुस्तकाने सांगायची गरज उरत नाही.

एक सावधगिरी. क्लेमेंट डाउनिंगचं 1737 चं पुस्तक तुम्हाला कुठे ना कुठे भेटेलच. तो कंपनीच्या आरमारात होता, आणि पुस्तकाच्या नावातच त्याने आंग्र्यांना 'पायरट' म्हटलंय. कान्होजी आंग्रे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. आपल्या पाण्यातून जाणाऱ्याने दस्तक (परवाना) घ्यावं, हा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीज तेच कार्ताझ या नावाने आधीपासून करत आले होते. डाउनिंग जरूर वाचा, पण तो शब्द त्याच्याकडून उसना घेऊ नका.

जहाजबांधणीसाठी रतनजी अर्देशिर वाडिया यांचं मुंबई गोदीवरचं पुस्तक, 1955 चं. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईला आले, तिथून त्या घराण्याची हकीगत सुरू होते. त्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' 1817 साली पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. तुमचं कोणी तिकडे असेल तर त्यांना बघून यायला सांगा.

खाड्यांसाठी 1880 चं रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटिअर पुरेसं आहे. कोणत्या खाडीत केवढं तारू कुठवर जायचं, हे त्यात सापडतं. नकाशा शेजारी ठेवा आणि जयगड, दाभोळ, विजयदुर्ग ही तीन मुखं आधी बघा. विजयदुर्गाच्या आत खाडी कशी वळते ते पाहिलंत, की तुळाजी आंग्र्यांचं आरमार 1756 च्या फेब्रुवारीत तिथे एकाच जागी कसं जळालं, तेही समोर दिसेल.