लोखंडाचा चिखल नको, मग अमाइन कसं करायचं?

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात एमएस्सी ऑरगॅनिक करते. प्रॅक्टिकलला नायट्रोबेंझिनपासून अ‍ॅनिलिन हे अमाइन (अमोनियापासून निघालेलं नायट्रोजनचं संयुग) करताना लोखंडाची पावडर आणि अ‍ॅसिड वापरतो, शेवटी बुकनर फनेलवर काळा चिखल बसतो आणि गाळता गाळता जीव जातो. प्रोजेक्टला ‘बॉरोइंग हायड्रोजन’ घ्यावं म्हणते, पण मैत्रीण म्हणते रुथेनियमसारखा महाग धातू वापरून कसलं आलंय ग्रीन, म्हणजे पर्यावरणाला कमी त्रासाचं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मैत्रिणीची शंका रास्त आहे, पण आधी त्या चिखलाचा हिशोब मांड. ही फ्रेंच केमिस्ट बेशॉंची पद्धत १८५४ ची. समीकरण बॅलन्स केलंस की दिसेल, १ किलो अ‍ॅनिलिनमागं जवळपास १.८६ किलो आयर्न ऑक्साइड, आणि हे नुसतं कागदावरचं, प्रत्यक्षात लोखंड जास्तच टाकतात. तेच कॅटॅलिस्टवर (स्वतः न संपता रिअ‍ॅक्शन घडवणारा पदार्थ) हायड्रोजननं केलं तर मागं फक्त पाणी, ३९० ग्रॅमच्या आसपास.

आता बॉरोइंग हायड्रोजन. कॅटॅलिस्ट अल्कोहोलमधले दोन हायड्रोजन काढून स्वतःकडं ठेवतो, अल्कोहोलचं अल्डिहाइड होतं, ते अमाइनला जोडून इमाइन (कार्बन-नायट्रोजन डबल बाँडचं संयुग) बनतं, पाणी निघतं आणि मग तेच हायड्रोजन इमाइनला परत मिळतात, बाहेरनं हायड्रोजनचा सिलिंडर आणायलाच नको. बेंझिल अल्कोहोल आणि अ‍ॅनिलिन घेतलंस तर अ‍ॅटम इकॉनॉमी, म्हणजे घातलेल्या मालाच्या वजनातला प्रॉडक्टमध्ये उतरणारा वाटा, ९१ टक्के, बेंझिल ब्रोमाइडनं केलंस तर ६९, वर त्यातनं निघणारं एचबीआर हे अ‍ॅसिड मारायला बेस लागतो त्याचं मीठ वेगळंच. मला हे केमिस्ट्रीतलं फार देखणं काम वाटतं.

रुथेनियम, इरिडियम महाग आहेत हे खरं, म्हणून तर २०१४ मध्ये फेरिंगा आणि बार्टा यांच्या ग्रुपनं लोखंडाच्या कॉम्प्लेक्सवर (धातूला इतर रेणू जोडून केलेलं संयुग) हेच करून दाखवलं. पण तिथंही १२०-१३० अंश तापमान तासन्‌तास लागतं, तेव्हा विजेचाही विचार कर. आणि काही ठिकाणी धातूच नको, डायबेटिसच्या सिटाग्लिप्टिनसाठी पूर्वी रोडियम आणि हाय प्रेशरचा हायड्रोजन लागायचा, मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी तिथं ट्रान्सअ‍ॅमिनेज एन्झाइम बसवलं, त्याला २०१० मध्ये अमेरिकेचा ग्रीन केमिस्ट्रीचा पुरस्कार मिळाला.

पण खरी मेख कॉलमला, म्हणजे मिश्रण सिलिका भरलेल्या नळीतून सोडून वेगळं करण्याला, आहे बघ. रिअ‍ॅक्शन कितीही स्वच्छ केली आणि नंतर प्रॉडक्ट वेगळं काढायला सिलिका आणि लिटरभर हेक्सेन ओतलं तर सगळी कमाई तिथंच गेली. म्हणून ई-फॅक्टर काढ, म्हणजे १ ग्रॅम प्रॉडक्टमागं कचरा किती ग्रॅम, आणि त्यात सॉल्व्हंट धरच, बरेच जण धरत नाहीत. शक्यतो क्रिस्टलाइज होणारं प्रॉडक्ट निवड.

लॅबमध्ये हवा वगळून काम करायची सोय नसेल तर लोखंडाच्या कॉम्प्लेक्सच्या नादी लागू नको. अल्डिहाइड आणि अमाइनचं इथेनॉलमध्ये इमाइन करून सोडियम बोरोहायड्राइडनं रिड्यूस कर, सायनोबोरोहायड्राइड नको, त्यात सायनाइडची भानगड आहे. दुसरीकडं त्याच इमाइनचं रिडक्शन पॅलेडियम-कार्बनवर (कार्बनवर बसवलेला पॅलेडियम धातूचा कॅटॅलिस्ट) हायड्रोजनचा फुगा लावून कर आणि दोन्हींचे ई-फॅक्टर शेजारी मांड. एवढंच कर, गाळल्यावर पॅलेडियम फिल्टर पेपरवर कोरडं होऊ देऊ नको, ओलंच ठेव, अल्कोहोलच्या वाफेत ते पेट घेतं, आणि हे काम गाईड शेजारी उभे असतानाच करायचं.