डोक्याला जबर मार लागल्यावर कवटीतला दाब मोजणारं यंत्र बसवलंच पाहिजे का? ते नसेल तर रुग्णाचं नुकसान होतं का?

यंत्र नाही म्हणजे उपचारच नाहीत, असं समजू नका. दाब मोजल्याने मेंदू बरा होत नाही, डॉक्टरांना फक्त दिशा मिळते.

कवटी हाडाची, ती ताणली जात नाही. आत सूज आली किंवा रक्त साचलं की दाब वाढतो आणि मेंदूला रक्त कमी पोचतं. मोठ्या माणसात हा दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. २०१६च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार २२च्या वर गेल्यास उपचार करावेत. दाब मोजण्यासाठी कवटीला बारीक छिद्र पाडून सेन्सर किंवा नळी आत सोडतात. नळीचा फायदा असा की मेंदूतलं पाणीही काढता येतं. जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव हे धोके मात्र आहेत.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर बोलिव्हिया आणि इक्वाडोरमधल्या ३२४ रुग्णांच्या अभ्यासात सापडतं (२०१२). निम्म्यांवर दाब मोजून उपचार झाले, निम्म्यांवर सीटी स्कॅन आणि वारंवार तपासणीच्या आधारे. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. पण लक्षात घ्या, दुसऱ्या गटावरही आयसीयूत बारकाईने लक्ष होतं, सूज उतरवणारी औषधंही ठरल्याप्रमाणे चालू होती. माझ्या मते खरी गरज तीच आहे. म्हणून डॉक्टरांना विचारा: डोळ्यांच्या बाहुल्या आणि शुद्ध किती वेळाने तपासता? पुढचा स्कॅन कधी? न्यूरोसर्जन रात्री उपलब्ध आहेत का?