गणिताचा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या

या वेळची बरीचशी पत्रं एकाच चिंतेतून आलेली आहेत: उच्च प्राथमिकच्या वर्गांसाठी विषयांची सांगड घालून वर्षाचं नियोजन कसं करायचं. त्यातली चार घेते. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण खरी मेख तिथेच आहे.

प्रश्न : ताई, मी सहावी-सातवीला भाषा आणि इतिहास शिकवते. सगळ्या विषयांची सांगड घातलेलं वार्षिक नियोजन आमच्याकडे मागितलं आहे. मी दर महिन्याला एक सूत्र घेतलं: पाणी, झाडं, प्रवास, घर, प्राणी वगैरे. प्रत्येकापुढे सगळ्या विषयांचे रकाने आखले. भाषा, चित्रकला, विज्ञान भराभर भरले. गणितात मात्र ‘पानं मोजणे’, ‘बाटल्या मोजणे’ याच्यापुढे काही सुचत नाही. काय लिहू?
— एक शिक्षिका

उत्तर : काही लिहू नका. पानं मोजणं हे पहिलीचं गणित आहे. सातवीच्या मुलांपुढे ते ठेवलं की आपण त्यांची वेळ मारून नेतोय, हे त्यांना लगेच कळतं. झाडाच्या गोष्टीतल्या झाडाची पानं मोजायची, मग त्याच झाडाचं चित्र काढायचं, मग त्याच्यावर गाणं म्हणायचं. याला सांगड म्हणत नाहीत. हा बादरायण संबंध झाला.

तुमचं काही चुकलं असेल तर ते रकान्यांच्या आधी, सूत्र निवडताना. ‘पाणी’ या नावाखाली काहीही बसतं, म्हणून तिथे कशाचीच गरज पडत नाही. नावाऐवजी प्रश्न घ्या, आणि तोही असा की एका विषयाला तो एकट्याने सुटू नये. मग एक सोपी तपासणी करा. एकेक रकाना हाताने झाका आणि बघा, त्या विषयावाचून प्रश्नाचं उत्तर मिळतंय का? मिळत असेल तर त्या विषयाला या कामातून मोकळं करा. त्याचा तास त्याला परत मिळाला, तर तो विषय शिकवणारा तुम्हाला दुवाच देईल.

मला स्वतःला या वयासाठी सगळ्यात आवडतो तो प्रश्न असा: आत्ता किती वाजले, हे ठरवतं कोण? यातलं गणित कुठे आणि कसं येतं, ते सांगते.

सुरुवात मोकळ्या जागेत उभ्या केलेल्या एक मीटरच्या काठीपासून होते. तिच्या सावलीचं टोक दर अर्ध्या तासाने खुणेने नोंदवायचं. मुलं पैजेवर सांगतात की सगळ्यात लहान सावली बारा वाजता पडेल. बहुतेक ठिकाणी ती बाराला पडत नाही. वर्गात खळबळ उडते, आणि उडू द्यावी. पण मग ती नेमकी कधी पडते? माध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की नुसतं बघून क्षण सापडत नाही. इथे भूमिती लागते. काठीच्या बुडाभोवती दोरीने वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक त्या वर्तुळाला जिथे शिवतं तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, आणि तिचा लंबदुभाजक म्हणजे उत्तर-दक्षिण. सावली त्या दुभाजकावर आली की तुमच्या जागेची माध्यान्ह. हीच जुन्या ज्योतिर्विदांची शंकूची, म्हणजे उभ्या काठीची रीत. लंबदुभाजक काढायला मुलं एरवी कंटाळतात. इथे त्याच्याशिवाय अडतं, म्हणून ती कंपास स्वतःहून मागतात.

यानंतर भूगोल. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. मग पूर्वेच्या गावाची माध्यान्ह पश्चिमेच्या गावाच्या आधी, आणि प्रत्येक गावाची वेळ ज्याची त्याची. आगगाड्या सुरू होईपर्यंत हे कुणाला खुपत नव्हतं. इंग्लंडमधल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली. पुढे १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि शून्य रेखावृत्त लंडनजवळच्या ग्रिनिचवरून धरायचं ठरलं: २२ मतं बाजूने, एक विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. या परिषदेवर वर्गात वादविवाद घ्या. प्रत्येक गटाला एक देश द्या आणि त्या देशाच्या हिताचं भाषण लिहायला सांगा. फ्रान्सच्या गटाला सगळ्यात मजा येते.

कारण फ्रान्सने पुढे जे केलं ते भाषेच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून शिकवावं असं आहे. १९११ मध्ये फ्रान्सने कायदा केला की देशाची वेळ म्हणजे पॅरिसची सरासरी वेळ, नऊ मिनिटं एकवीस सेकंद मागे घेतलेली. ग्रिनिचचं नाव कायद्यात नाहीच! भाषेच्या तासाला विचारा: हे वाक्य असं का लिहिलं असेल? जे लिहिलं नाही ते वाचकाला कसं कळतं? गणिताच्या तासाला विचारा: या आकड्यावरून पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला किती अंशांवर आहे ते काढा. नऊ मिनिटं एकवीस सेकंद म्हणजे ५६१ सेकंद, एका अंशाला २४० सेकंद. उत्तर सुमारे २.३४ अंश. मग नकाशात पडताळा. आता सांगा, रकाना भरला की नाही?

ढगाळ दिवस आले की आत बसून पाण्याचं घड्याळ. सरळ बाजूंच्या बाटलीला तळाशी बारीक भोक, दर मिनिटाला पाण्याची पातळी, आणि आलेख. मुलांना सरळ रेषेची अपेक्षा असते, येतो वक्र, कारण पाणी उतरेल तसा दाब कमी होतो आणि धार मंदावते. इजिप्तमध्ये कर्नाकला सापडलेलं इसवी सन पूर्व चौदाव्या शतकातलं जलघटिकेचं भांडं तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद आहे. ते तसं का, हे सांगू नका. वक्र आलेख समोर ठेवा आणि भांड्याचं चित्र दाखवा. कोणी ना कोणी बोलतंच. उलट आपल्याकडच्या घटिकापात्रात तळाच्या भोकातून पाणी आत येतं आणि पात्र बुडतं. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं. बुडणाऱ्या पात्राने कोणती अडचण टाळली, यावर पुढचा तास सहज जातो.

संगीत? मी यात घेत नाही. ठेका आणि लंबक यांची जोडी कागदावर छान दिसते, पण रकाना झाकून बघितला की प्रश्नाचं काही अडत नाही. चित्रकला मात्र शेवटी खरोखर लागते, ती सूर्यघड्याळासाठी. सपाट जमिनीवरच्या घड्याळात तासांच्या रेषांमधले कोन सारखे नसतात आणि त्यांचं गणित या वयाच्या पुढचं आहे. म्हणून तबकडी विषुववृत्ताच्या पातळीला समांतर तिरकी ठेवा आणि काठी पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे आडव्या पातळीशी आपल्या अक्षांशाइतक्या कोनात. मग दर तासाला बरोबर १५ अंश. या तबकडीवर अर्धं वर्ष एका बाजूला ऊन पडतं आणि अर्धं वर्ष दुसऱ्या बाजूला. हे मुलांना आधी सांगून गंमत घालवू नका.

आणि हो, दर महिन्याला एक सूत्र हे फार झालं. असे दोन प्रश्न वर्षाला पुरेत, हातात माणसं असतील तर तीन. फिनलंडमध्ये २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुलाला वर्षाला किमान एक बहुविषयक अध्ययन-घटक मिळावा एवढंच बंधन आहे. ज्यांच्या नावाने आपल्याला ही नियोजनं मागितली जातात, त्यांचीही अट एवढीच. बाकीच्या महिन्यांत प्रत्येक विषय एकटा, आपल्या वेगाने चालू दे.

प्रश्न : मी गणित शिकवतो. गुणोत्तराचा पाठ वर्षाच्या शेवटाकडे आहे आणि प्रकल्पात तो सुरुवातीलाच लागतो. दरवेळी मी घाईघाईत ‘तात्पुरतं’ शिकवतो, पुढे पुन्हा शिकवतो. सांगडीचा भार गणितानेच का सोसायचा?
— एक विषयशिक्षक

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. बहुतेक वार्षिक नियोजनं इतिहास-विज्ञानाच्या सोयीने आखली जातात आणि गणिताला त्यांच्यामागे फरफटत नेलं जातं. क्रम उलटा हवा. आधी प्रश्नाला कोणकोणती कौशल्यं लागणार याची यादी, मग त्यांचे पाठ कधी होणार ते, आणि मगच प्रश्नाचा महिना.

वर्षाच्या आधी एक दुपार काढा. प्रत्येक पाठाचं एकेक कार्ड करून टेबलावर मांडा. गणितात काही कार्डं एकमेकांना बांधलेली असतात: अपूर्णांक, मग गुणोत्तर, मग शेकडेवारी. त्यांना हात लावू नका. कोनमापन, सरासरी, आलेख ही कार्डं बरीच मोकळी असतात, ती पुढे ओढता येतात. सावलीच्या प्रश्नाला पहिल्या टप्प्यात कोन, रचना आणि आलेखच लागतात. गुणोत्तर लागतं ते सावलीवरून झाडाची उंची काढताना, आणि ते काम वर्षाच्या शेवटी केलं तरी चालतं. सूर्य कुठे जात नाही. फक्त तिरक्या तबकडीवरचं ऊन बाजू बदलतं त्या दोन तारखा पक्क्या असतात, मार्च आणि सप्टेंबरचे विषुवदिन. तुमच्या शाळेच्या वर्षात त्या कुठे पडतात ते आधी बघून घ्या.

दुसरं, देवाणघेवाण दोन्हीकडून मागा. सरासरी शिकवताना विज्ञानाच्या शिक्षकांकडून लंबक घ्या. २५ सेंटिमीटर लांबीचा लंबक साधारण एका सेकंदात एक पूर्ण फेरा करतो. एकच फेरा मोजला तर प्रत्येक मुलाचं उत्तर वेगळं येतं, कारण घड्याळाचं बटण दाबायला होणारा उशीर त्यात मिसळतो. दहा फेरे मोजून दहाने भागलं की उत्तरं जवळ येतात. तो उशीर दहा फेऱ्यांत वाटला गेला. पाठ्यपुस्तकातल्या धावांच्या सरासरीतून हे मुलांना दिसत नाही. दोर तोच ठेवून वजन बदला, काळ बदलत नाही. दोर चौपट करा, काळ दुप्पट होतो. त्या दिवशी तुमचा पाठ पुढे गेलेला असतो, आणि विज्ञानाचाही.

प्रश्न : गटाने मिळून अहवाल लिहिला. विज्ञानाचे गुण त्यावरच द्यायचे आणि भाषेचेही. ज्यांचं अक्षर आणि सजावट चांगली, ते दोन्हीकडे पुढे जातात. उपाय?
— एक वर्गशिक्षिका

उत्तर : कागद एक असला तरी वाचन दोनदा, दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या निकषांनी. विज्ञानाच्या वाचनात मोजमाप, एकक, निष्कर्षाला आधार आहे का, एवढंच. शुद्धलेखनाकडे त्या वेळी दुर्लक्ष. भाषेच्या वाचनात बघा की ज्याने प्रयोग पाहिला नाही त्याला तो यावरून करता येईल का. मी तर अहवाल दुसऱ्या गटाला देते आणि त्यावरून काठी उभी करायला सांगते. जिथे त्यांचं अडतं, तिथे लेखन कच्चं. मुलांना हे कोणी समजावून द्यावं लागत नाही. सजावटीला गुण नकोतच, ती आवडली तर तोंडभर कौतुक करा.

आणि गटाचा गुण सगळ्यांना सरसकट देऊ नका. प्रत्येकाला जवळ बोलावून आलेखावरच्या एखाद्या बिंदूवर बोट ठेवायचं: “हा कसा आला, सांग.” दोन मिनिटं पुरतात. ज्याने काठीपाशी उभं राहून खूण केली त्याचं अक्षर कसंही असो, तो सांगतो. जो नुसता किनार रंगवत बसला होता तो वहीत बघायला लागतो. ही दोन मिनिटं कुठून आणायची असं विचाराल, तर सगळ्यांचं एका दिवशी घ्यायचं नाही. बाकीचे काम करत असताना रोज थोडे थोडे घ्या.

प्रश्न : मुलीच्या प्रकल्पाचं निम्मं काम आम्हीच करतो. सगळेच पालक करतात. आम्ही नाही केलं तर तिचाच तक्ता फिका दिसतो.
— एक पालक

उत्तर : दिसू दे फिका. शिक्षकांना मात्र एक विनंती करा: प्रकल्पाचं मोजमाप आणि पहिलं लेखन शाळेतच व्हावं, घरी फक्त विचारपूस पाठवावी. वर आलेला प्रश्न तुमच्याही मुलीच्या शाळेत घेतला असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना तिने विचारावं की मनगटावर घड्याळ नसताना कामाला निघायची वेळ त्यांना कशी कळायची. ते बोलतील तसं तिने लिहून घ्यावं. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसा.