अटलांटाच्या भुयारी गाडीने प्रथमच जाणाऱ्यांसाठी

अटलांटाच्या हार्ट्सफील्ड-जॅक्सन विमानतळावर तुम्ही प्रथमच विमान बदलणार असाल, तर जमिनीखालून धावणाऱ्या ‘प्लेन ट्रेन’चे मुळीच दडपण घेऊ नका. १९८० पासून चालू असलेली ही गाडी चालकाविना, रबरी चाकांवर धावते, दर काही मिनिटांनी येते आणि तिला तिकीट लागत नाही. टी, मग ए पासून एफ, अशा विमानतळाच्या विभागांचे थांबे ओळीने असल्यामुळे बोर्डिंग पासवरचे गेटचे अक्षर लक्षात ठेवले की पुरे. दारे मिटू लागल्यावर मात्र मध्ये हात किंवा बॅग घालू नका, कारण एका दारापायी सगळी गाडी खोळंबते आणि मागची तर येतच असते. भारतातून येताना अमेरिकेतील तुमचा पहिला विमानतळ हाच असेल, तर इमिग्रेशन व सुरक्षा तपासणी आटोपल्यावरच गाडी गाठता येते. तेवढा वेळ धरूनच पुढचे विमान निवडा. सवड असल्यास टी ते ए हे अंतर समांतर बोगद्यातून पायीच जा, असे मी आग्रहाने सांगेन. तेथे मांडलेली झिंबाब्वेची दगडी शिल्पे खरोखर थांबून पाहण्यासारखी आहेत, आणि चालवेनासे झाले तर सरकते पट्टे आहेतच.